काय तुटनं?

गाणं ऐन रंगात आलेलं असताना मध्येच उभं राहून "काय तुटनं?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याला त्या कार्यक्रमाला मीच घेऊन गेलो होतो.

सुरतेतल्या एका हॉलमध्ये शास्त्रीय गायनाची संध्याकाळ होती. बुवा बाहेरगावचे, मोठे. पहिल्या रांगेत कापडाचे व्यापारी, डॉक्टर मंडळी, आणि त्यांच्या शेजारी, उजव्या स्पीकरला जवळजवळ खेटून, आमचे सुपडूआप्पा. बुवांनी डोळे मिटून आलाप सुरू केला. हळूहळू वर वर जात एक सूर असा लावला की हॉलमधल्या माणसांनी हातातले मोबाईल खाली ठेवले. आणि मग बुवा थांबले. मोठे गवई थांबतात तसे. पुढचा सूर कुठून येतो याची वाट बघत सगळे जीव मुठीत धरून बसले होते, कुणी खोकतसुद्धा नव्हतं, आणि त्या शांततेत आप्पा ताडकन उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "काय तुटनं?"

ही अहिराणी. म्हणजे "काय तुटलं?" अहिराणी न येणाऱ्यांनाही ती त्या क्षणी बरोबर कळली. तबलजीने आधी डग्ग्याकडे पाहिलं. पेटीवाल्याने भाता चाचपला. बुवांनी डोळे उघडले आणि ते बराच वेळ पुन्हा मिटेनात. हॉलचा गुजराती व्यवस्थापक वाकून वाकून पळत माझ्याकडे आला आणि कानात म्हणाला, "आ काकाने बहार बेसाडो ने!" तोवर आप्पा स्वतःच बाहेर निघाले होते. मी बुटांच्या नाड्यांकडे बघत बसलो. त्या दिवशी मी चपला घातल्या होत्या.

तानपुरा तर चालूच होता ना, असं मी नंतर आप्पांना म्हटलं. आप्पा म्हणाले, तानपुरा म्हणजे पंखा. तो चालूच असतो, त्याला आवाज म्हणत नाहीत.

मी मूळचा परभणीकडचा, सुरतेच्या उधना भागातल्या एका मराठी शाळेत शिक्षक. घाबरट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. वर्गात निरीक्षक आले तर मी पाढे चुकतो. अशा माणसाच्या डोक्यावर, म्हणजे बरोबर वरच्या मजल्यावर, देवाने सुपडूआप्पांना आणून ठेवलं, आणि मला गाण्याची आवड दिली. या दोन गोष्टी एकत्र आल्यापासून मी एकही कार्यक्रम पाठ टेकून ऐकलेला नाही.

आप्पा अमळनेरकडचे. मिसरूड फुटायच्या आत सुरतेत आले आणि जन्मभर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राहिले. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. ज्याने खातं पाहिलेलं नाही त्याला तो आवाज सांगून कळायचा नाही. तो कानात शिरतच नाही, थेट छातीत शिरतो. आत कुणी कुणाशी बोलत नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांनी चालतो. दोन बोटं जुळवून सोडली की धागा तुटला. पोटावरून हात फिरवला की सेठ आला. नाकाला बोट लावलं की बाईमाणूस. बोट हवेत गोल फिरवलं की चालू ठेव. आणि अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून हात वर धरला की कापड झकास निघालंय. नव्या माणसाला वाटतं पैसेच मागतायत. आप्पा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण भाजीवालीशीसुद्धा ते निम्मं हातांनी बोलतात आणि उरलेलं निम्मं एवढ्या मोठ्याने, की भाव पलीकडच्या सोसायटीला कळतो.

त्यांची "कसं काय?" विचारायची पद्धतही लूमची. सकाळी जिन्यात भेटले की म्हणतात, "सर, चालू शे ना?" चालू आहे ना? मी म्हणतो, "चालू आहे." माझी आई गेली तेव्हाही भेटायला आले, खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "सर, चालू शे ना?" मला त्या दिवशी पहिल्यांदा ते वाक्य बरं वाटलं.

तर, खात्यात आवाज म्हणजे सगळं ठीक. आवाज थांबला की घात. धागा तुटला असेल, पट्टा निसटला असेल, लाइट गेली असेल, नाहीतर कुणाचा हात गेला असेल. आप्पांच्या शेजारच्या लूमवरच्या माणसाची बोटं गेली तेव्हा तो ओरडलेला कुणालाच ऐकू आला नाही. त्याचा लूम थांबला, म्हणून कळलं. हे आप्पा सांगतात तेव्हा त्यांचा आवाज एकदम आपल्यासारखा होतो, आणि तेच जास्त भीतिदायक वाटतं.

आता त्यांच्या घरात बघा. रेडिओ चालू, पंखा चालू, देव्हाऱ्यात मंत्र म्हणणारं ते प्लास्टिकचं यंत्र चालू. मिक्सर तर काही वाटायचं नसलं तरी आप्पा एकदा फिरवून बघतात. या सगळ्या गजराच्या मध्यभागी, खिडकीजवळच्या खाटेवर, जिजी बसलेल्या असतात.

जिजी म्हणजे आप्पांची बायको. बिल्डिंगमधले सगळेच त्यांना जिजी म्हणतात. त्याही खात्यातच होत्या, बॉबिन भरायच्या कामाला. तिथल्या धुरळ्याने म्हणा, वयाने म्हणा, छाती पार थकली. चार शब्द बोलल्या की थांबावं लागतं. जिना उतरणं एकवेळ जमेल, पण पुन्हा चढणं जमायचं नाही; म्हणून त्या उतरतच नाहीत. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. बिल्डरने तिच्यासाठी खड्डा मात्र मनापासून केलाय. त्यात आता सायकली ठेवतात.

आणि आप्पांची खरी भीती ही, की एके दिवशी त्या छातीचा लूम थांबेल आणि आपण जवळ नसू. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. आमच्याकडे लाइट गेली की सगळ्या बिल्डिंगला कळायचं. पंखे, रेडिओ, शेजारच्या गल्लीतल्या एम्ब्रॉयडरीच्या मशिनी, सगळं एका झटक्यात गप्प. आणि त्या गप्प जिन्यावर फट् फट् फट् चपला वाजायच्या. आप्पा खाली पानाच्या गादीवर असोत की दूध आणायला गेलेले असोत, पिशवी टाकून धावत सुटायचे. दारात पोचले की ओरडायचे, "चालू शे ना?" मग थोडा वेळ काहीच नाही. तो थोडा वेळ मी माझ्या घरात, अंधारात, वर छताकडे बघत उभा असायचो. मग जिजींचा तुटक आवाज यायचा, "चालू शे. हाऊ धल्ला... पडी जाई... जिनावर." धल्ला म्हणजे म्हातारा. मग मी खाली बसायचो. माझी बायको म्हणायची, त्यांचं एक सोडा, तुम्ही का घामाघूम होता?

आता मला सांगा, अशा माणसाने संध्याकाळी घरी बसावं की नाही? पण सुरत जिल्ह्यात कुठे पेटी वाजली आणि सुपडूआप्पा तिथे नाहीत, असं होत नसे. नवरात्रात सोसायटीचा गरबा. गणपतीत लिंबायतपर्यंतचे ऑर्केस्ट्रा. कामरेजला डायरा, म्हणजे गोष्टी सांगत सांगत गायची गुजराती मैफल. चलथाणच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत भजनाचा सप्ताह. श्रावणात खानदेशी लोकांच्या घरोघरी कानबाई देवी बसते, तेव्हा तर गल्लीगल्लीत. तिकीट असेल तर तिकीट काढून, आमंत्रण असेल तर न चुकता, आणि आमंत्रण नसेल तर सर्वांत आधी. शेजारच्या कुणा बाईला जिजींकडे अधूनमधून डोकावायला सांगायचे आणि निघायचे. बिल्डिंगमध्ये लोक बोलत. घरी बायकोला श्वास पुरत नाही आणि हा माणूस गाण्यांना हिंडतो, असं तळमजल्याच्या वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, आणि माझ्या बायकोने ते मला अशा सुरात सांगितलं की जणू मीच हिंडतोय. हिंडत मीही होतोच म्हणा.

गाण्यांची आप्पांनी आपली प्रतवारी लावलेली होती. गरबा सर्वांत सुरक्षित, कारण तो थांबतच नाही. ऑर्केस्ट्रा बरा, फक्त निवेदक फार बोलतो. डायऱ्यात कलाकार गोष्ट सांगायला थांबतो, पण ढोलकवाला समजूतदार असतो, मध्ये मध्ये थाप देत राहतो. आणि सर्वांत धोक्याचं, शास्त्रीय. "कवय थांबी, भरोसा नही," आप्पा म्हणत. कधी थांबेल याचा भरवसा नाही. मग गंमत ही, की आप्पा सर्वांत जास्त जात ते शास्त्रीयलाच. पुढच्या रांगेत, उजव्या स्पीकरजवळ, छाती पुढे काढून बसत. गवई थांबला की हनुवटी छातीला टेकवत, चेहरा पांढराफटक पडे, आणि मग दोनपैकी एक होई. एक तर चेहरा हळूहळू उजळे आणि ते डोळे पुसत. नाहीतर उभे राहत, "काय तुटनं?" विचारत आणि तडक बाहेर पडत. ज्याला पाण्याची एवढी भीती, तो रोज तापीत पाय घालून का बसतो, हे मला काही केल्या उमगत नव्हतं.

मी आपला असा समज करून घेतला की आप्पा कानाने अधू आहेत आणि डोक्याने हट्टी.

मग आमच्या मराठी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम आला. मंडळाचा सांस्कृतिक सचिव मी. हे पद कुणालाच नको असतं, म्हणून मला मिळालं. नाशिकच्या एक गायिका यायच्या ठरल्या. आधी राग, मध्यंतरानंतर खानदेशी कानबाईची गाणी. कार्यक्रम शाळेच्या सभागृहात, म्हणजे आमच्या बिल्डिंगपासून हाकेच्या अंतरावर. याचा अर्थ आप्पा येणार, पुढे बसणार, आणि गायिका थांबणार. आठवडाभर मला झोप लागेना. स्वप्नात गायिका थांबायच्या आणि सगळं सभागृह उठून उभं राहायचं.

शेवटी गायिकांनाच फोन करून विचारलं, "ताई, तुम्ही मध्ये फार वेळ थांबता का हो?" त्या म्हणाल्या, "मानधनाबद्दल बोलताय का?" मी फोन ठेवला.

बायकोने तोडगा काढला. तुम्हीच त्यांच्या शेजारी बसा, म्हणाली, आणि उठायला लागले की सदरा धरून खाली ओढा. सांस्कृतिक सचिवाचं काम हेच असतं असं तिचं मत. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या संध्याकाळी सभागृह भरलं. बहुतेक माणसं खात्यातलीच, पाळी संपवून, डोकं ओलं करून भांग पाडून आलेली. आप्पा उजव्या स्पीकरजवळ, त्यांच्या डाव्या हाताला मी, आणि माझ्या मुठीत त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचं टोक. गाणं सुरू झालं. बाई फार सुरेख गात होत्या असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. मी फक्त त्यांचा श्वास मोजत होतो. त्या थांबल्या की आप्पांची हनुवटी खाली जाई आणि माझी मूठ आवळे.

असाच एकदा मी त्यांच्याकडे वळून बघितलं आणि मला दिसलं, की सदऱ्याच्या खिशात मोबाईल आहे, आणि तो उजळलेला आहे. फोन लागलेला होता. मला घामच फुटला. आता हा वाजला तर? तेवढ्यात बाई द्रुत लयीत गेल्या, तबला कडाडायला लागला, बोलणं अशक्य. मी खिशाकडे बोट दाखवून हाताने विचारलं, हे काय?

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि खात्यात सांगतात तसं सांगितलं. नाकाला बोट लावलं. बाईमाणूस. मग बोट वर केलं, आमच्या बिल्डिंगच्या दिशेने. मग तळहात छातीवर ठेवून दोनदा वर-खाली केला. आणि मग बोट ओठांवर नेऊन ते हवेत पुढे पुढे नेलं. ही खूण मला माहीत नव्हती.

ती खूण मध्यंतरात कळली. सगळे चहा-खमणाकडे पळाले, आम्ही दोघं तिथेच बसून होतो. आप्पांनी खिसा तळहाताने झाकून धरला, आणि हळू बोलायचा प्रयत्न केला, जो त्यांना जमत नाही. जिजी खात्यात पाळीभर गायच्या. पहिल्या दिवसापासून. बॉबिन भरता भरता, त्या आवाजात, जिथे स्वतःचं गाणं स्वतःलाही ऐकू येत नाही. आप्पा समोरच्या लूमवर. त्यांना नुसते ओठ हलताना दिसायचे. लग्न झालं ते त्या ओठांवरच.

"मी तिनं गानं देखेल शे, सर," आप्पा म्हणाले. "आयकेल नही."

घरी त्या कधी गायल्या नाहीत. लाजायच्या. जन्मभर आवाजाच्या आडोशाला गायलेलं माणूस. आडोसा नसला की गळा बंद. निवृत्तीनंतर खात्याचा आवाज गेला तसं गाणंही गेलं; घरातल्या रेडिओ-मिक्सरचा आडोसा त्यांना पुरेना. एकदा आप्पा गणपतीत ऑर्केस्ट्रा ऐकायला गेले होते. जिजींना ऐकवावं म्हणून फोन लावून, स्पीकर चालू करून खिशात ठेवला. वाद्यं मध्येच थांबली, आणि खिशातून एवढासा, चिरका, धाप लागलेला आवाज आला. गाणं पुढे म्हणत असलेला. मग तिकडेही लक्षात आलं की वाद्यं थांबलीत, आणि तो आवाज चपापून बंद झाला.

तेव्हापासून आप्पा एकही कार्यक्रम चुकवत नव्हते. ते जिजींसाठी आडोसा शोधत हिंडत होते. आणि तो आडोसा जेव्हा अचानक बाजूला व्हायचा, तेवढ्या एका क्षणात त्यांना आपल्या बायकोचं गाणं ऐकू यायचं. गवई जितके थांबणारे, तितकं जास्त.

आणि कधी कधी काहीच यायचं नाही. धाप नाही, खोकला नाही, काही नाही. तेव्हा ते उभे राहून खिशाला विचारायचे, "काय तुटनं?" तो प्रश्न बुवांना नव्हताच कधी. आम्हीच उगाच आमची वाद्यं चाचपत बसलो.

मी विचारलं, "जिजींना माहीत आहे, तुम्हाला ऐकू येतं ते?"

आप्पांनी घाईघाईने खिसा आणखी दाबून धरला. "तिले सांगू नका, सर. तिले कळनं, तं गानं बंद." आणि मग अगदी हळू, म्हणजे त्यांच्या मानाने, "आते श्वास कमी कमी व्हत चालना. एक पुरी ओळ नही व्हत."

मध्यंतरानंतर बाईंनी तानपुरे बाजूला ठेवायला सांगितले आणि कानबाईची गाणी घेतली. डफ, टाळ, आणि बाईंचा मोकळा आवाज. मागे बसलेल्या बायका म्हणू लागल्या, सभागृह डोलायला लागलं. मी आता सदऱ्याचं टोक धरून होतो ते वेगळ्याच कारणासाठी. शेवटचं गाणं आलं. कानबाईला निरोप द्यायचं. शेवटच्या ओळीआधी बाईंनी हात वर केला, डफ थांबला, टाळ थांबले, सगळं थांबलं.

आप्पांची हनुवटी खाली गेली. मीही वाकलो. खिशातून काहीच येत नव्हतं.

बाई थांबूनच होत्या. मी कान आणखी जवळ नेला. धाप नाही. खोकला नाही. आप्पांच्या सदऱ्याचं टोक माझ्या हातात तसंच होतं, आणि ते उभेही राहत नव्हते. त्यांना उठताच येत नव्हतं. मला वरचा मजला दिसला, खिडकी दिसली, खाट दिसली. पुढचं मला नीट आठवत नाही. लोक सांगतात ते असं, की मंडळाचे सांस्कृतिक सचिव ताडकन उभे राहिले आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "काय तुटनं?"

सभागृहात हशा फुटला. असा हशा आमच्या मंडळाच्या विनोदी नाटकांनाही कधी मिळाला नव्हता. टाळ्या, शिट्ट्या, खुर्च्यांचे आवाज. "सरले भी लागनं!", म्हणजे सरांनाही लागण झाली, असं कुणीतरी मागून ओरडलं. गायिका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी तसाच उभा, हातात दुसऱ्याचा सदरा. बायको तिसऱ्या रांगेत होती. तिने कपाळाला हात लावला.

आणि मग हशा ओसरला. एकदम ओसरला, आणि त्याच्या खाली गाणं होतं.

जिजी पाणी प्यायला उठल्या होत्या, हे नंतर कळलं. परत येऊन बसल्या तर फोनमधून नुसता गलका. आडोसा मिळाला. त्यांनी शेवटची ओळ धरली. गलका थांबला तोवर त्या ओळीच्या मध्यात होत्या, आणि या वेळी त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी थांबवेना. पुढच्या दोन-तीन रांगा स्तब्ध झाल्या. त्यांना बघून मागच्या झाल्या. बारीक, चिरकणारा, प्रत्येक शब्दापाशी श्वासासाठी थांबणारा आवाज, आणि तरी सुरात. एकदा तो इतका वेळ थांबला की मी पुन्हा खिशाकडे वाकलो. मग पुढचा शब्द आला. मग त्याच्या पुढचा. ओळ पूर्ण झाली.

कुणीतरी टाळीसाठी हात उचलले, आणि मी हादरलो. टाळी वाजली की जिजींना कळणार. कळलं की संपलं.

आप्पा उठले. सभागृहाकडे वळले. नाकाला बोट लावलं. छातीवर हात ठेवून वर-खाली केला. बोट ओठांवर नेऊन हवेत पुढे नेलं. आणि मग दोन्ही हात असे दाबले, की आवाज नको.

समोर सगळं उधना बसलं होतं. ती भाषा तिथे कुणाला शिकवायची गरज नव्हती. टाळीसाठी उचललेले हात तसेच थांबले. मग कुठूनतरी एक हात वर गेला, अंगठ्यावर बोट चोळत. मग दुसरा. मग सगळे. सभागृहभर हात वर, बोटं चोळली जातायत, आणि आवाज म्हणून नाही. कापड झकास निघालंय.

आप्पांनी तो सगळा हातांचा जमाव बघितला आणि लहान मुलासारखे ओठ मुडपले. मग गायिकेकडे वळून बोट हवेत गोल फिरवलं. चालू ठेवा. बाईंना खूण कळली की नाही कोण जाणे, पण त्यांनी डफवाल्याला मान हलवली आणि जिजींनी सोडलेल्या ठिकाणाहून गाणं उचललं. सगळे लोक आपल्याकडे बघून पैसे का मागत होते, हे मला बाईंना नंतर समजावून सांगावं लागलं.

घरी गेल्यावर मीही आप्पांबरोबर वर गेलो. जिजींनी विचारलं, "कसं... व्हयनं गानं?"

"झकास," आप्पा म्हणाले. "मधमा एक येडा मानूस वरडना."

"तुम्हीच... व्हतात ना?"

"नही," आप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. "सर व्हतात."

अजून आमच्याकडे लाइट जाते. अजून सगळं एका झटक्यात गप्प होतं आणि जिन्यावर चपला वाजतात, फक्त आता दोन माणसांच्या. दारात पोचलो की आप्पा विचारतात, "चालू शे ना?" आतून उत्तर यायला हल्ली जरा जास्तच वेळ लागतो. तेवढा वेळ मी अंधारात त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून उभा असतो.